सांडण्याआधी राखलेलं रक्त

अलिबाग, डिसेंबर १७२१

ओहोटी लागली आहे. कुलाबा किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर पाणी घोट्याएवढं उरलंय आणि तुम्ही ओल्या वाळूत उभे आहात. किल्ला सरखेल कान्होजी आंग्र्यांचा. तो घ्यायला इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले आहेत. इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आलाय, फौज चौलच्या बाजूने चालून आलीय. दारूचा धूर नाकात जातोय. त्या गदारोळात एक मराठा स्वार थेट मॅथ्यूजच्या अंगावर येतो आणि भाला त्याच्या मांडीत रुततो.

लढाई राहू द्या, तुम्ही जखमेकडे बघा. मांडीच्या आतल्या अंगाने रक्ताची मोठी धमनी जाते. ती तुटली आणि कुणी दाबून धरली नाही तर माणूस काही मिनिटांत संपतो. मॅथ्यूजची धमनी वाचली असणार, कारण हा गृहस्थ पुढे अ‍ॅडमिरल झाला आणि १७४४ साली तुलाँच्या आरमारी लढाईत सेनापती म्हणून उभा राहिला. त्याच्या आसपास पडलेल्या शिपायांचं नशीब मात्र एवढं बलवत्तर नाही.

आता जहाजाच्या पोटात उतरा. डांबराचा वास, कंदिलाचा पिवळा उजेड. जमिनीवर वाळू पसरलेली आहे, कारण रक्तावरून पाय घसरतात. फळीवर एक पोरगेला खलाशी आहे आणि त्याचा गुडघ्याखालचा पाय चिरडलाय. जहाजाचा सर्जन मांडीभोवती पट्टा बांधतो, पट्ट्यात लाकडाचा तुकडा अडकवतो आणि तो पिळत जातो. पॅरिसच्या झाँ-लुई पेटीने तीनच वर्षांपूर्वी, १७१८ साली, स्क्रूने आवळायचा पट्टा काढला आहे; पण तो या फळीपर्यंत पोचलेला नाही. रक्त थांबलं की चाकू चालतो, मग करवत. भूल देण्याची सोय नाही, म्हणून जो झटपट कापतो तोच चांगला सर्जन. झटपट कापण्यात वेदना कमी आणि रक्तही कमी. तुटलेल्या धमनीचं तोंड चिमट्यात पकडून तो दोऱ्याने बांधतो. ही रीत सोळाव्या शतकात फ्रान्सच्या अ‍ॅम्ब्रोआज पारेने रुळवली. त्याआधी लालबुंद लोखंड टेकवायचे.

दोन दिवस थांबलात तर पुढचा प्रकार दिसेल. पोराला ताप चढतो आणि तोच सर्जन त्याच्या दंडाची शीर उघडून वाटीभर रक्त काढतो. ज्या रक्तासाठी परवा पट्टा आवळला, ते आज औषध म्हणून सांडायचं. त्याच्या लेखी यात काहीच विसंगत नाही. अंगात रक्त जास्त झालं की ताप येतो, असं त्याच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

किनाऱ्यावर या. माडांच्या सावलीत आंग्र्यांच्या जखमींना निजवलंय. इथला वैद्य ज्या परंपरेतला आहे तिने रक्त थांबवण्याचे चार मार्ग फार पूर्वीच नोंदवून ठेवले आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ते सापडतात: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट काढ्याने जखमेच्या कडा आवळून आणायच्या, गारव्याने रक्त थिजवायचं, राखेने जखम सुकवायची आणि यातलं काहीच चाललं नाही तर डाग देऊन शिरा आकसवायच्या. चौथा मार्ग शेवटचा, हे मुद्दाम लक्षात ठेवा. तीनशे वर्षांनी एका चकचकीत खोलीत तो तुम्हाला पुन्हा भेटणार आहे. वैद्याच्या पेटीत जळवाही आहेत, तेव्हा रक्त काढण्याच्या बाबतीत त्याने इंग्रज सर्जनला हसायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र दोघांनाही जमत नाही. गेलेलं रक्त परत आणता येत नाही. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त दनीने जनावराचं रक्त माणसाला देऊन पाहिलं, पुढे काही रोगी दगावले, कज्जे झाले आणि हा उद्योग बंद पडला. त्यामुळे या किनाऱ्यावर आज जे वाळूत मुरतंय ते कायमचं गेलं.

अलिबाग काही पडत नाही. बाजीराव मदतीला येतात, पोर्तुगीज तह करून मोकळे होतात आणि इंग्रज हात हलवत मुंबईला परततात. तुम्हालाही मुंबईलाच जायचंय.

परळ, १९५२

रेवसहून लाँच पकडा. भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत सव्वादोनशे वर्षं मागे पडलेली असतील. वाटेत काय काय झालं तेवढं ऐकून घ्या. १८१८ साली लंडनच्या जेम्स ब्लंडेलने बाळंतिणींना रक्तस्रावाने मरताना पाहून माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात केली. १८८६ साली एडिंबराच्या जॉन डंकनने रेल्वेखाली पाय चिरडलेल्या माणसाचं ऑपरेशन करताना त्याचंच सांडलेलं रक्त भांड्यात धरलं आणि त्याच्याच शिरेत परत सोडलं. १९०१ साली कार्ल लँडस्टायनरने रक्तगट शोधले. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सोडियम सायट्रेट घातलं की रक्त बाटलीत गोठत नाही हे कळलं आणि रक्त साठवता येऊ लागलं.

आणि त्याबरोबर सर्जनचा हात सैल झाला. बाटली मागवता येते म्हटल्यावर सांडणाऱ्या थेंबाकडे कोण बघतो?

परळच्या रस्त्यावर भोंगा वाजलाय. गिरणीची पाळी सुटलीय आणि रस्ताभर कोकण उतरलंय: अलिबागचे, मुरुडचे, श्रीवर्धनचे, महाडचे, त्याखाली रत्नागिरीचे. चाळीच्या खोल्यांमधून आळीपाळीने झोपणारी माणसं. त्यांना बरं वाटेनासं झालं की ती केईएम रुग्णालयात जातात. तुम्हीही चला.

रुग्णालयाला जोडलेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया एका कोड्यात अडकले आहेत. दोन जखमी आले आहेत. एक रेल्वेच्या अपघातातला, दुसरा सुरीने भोसकलेला. दोघांनाही रक्त हवंय. तपासलं तर गट ‘ओ’ वाटतो. ए-विरोधी द्रावात पेशी एकवटत नाहीत, बी-विरोधी द्रावातही नाहीत. म्हणजे ‘ओ’च. मग ‘ओ’ गटाचं रक्त जुळवून बघायचं.

नळीत डोकवा. रोग्याच्या पिवळसर सिरममध्ये दात्याच्या ‘ओ’ पेशी घातल्या आहेत. लालसर, सारखं दिसणारं पाणी राहायला हवं होतं. त्याऐवजी तळाशी गुठळ्या धरल्या आहेत, नळी हलवली तरी त्या फुटत नाहीत. दुसरा दाता, तिसरा दाता, त्यापुढचे कितीतरी. गुठळ्या तशाच. जे रक्त सगळ्यांना चालतं अशी मान्यता आहे, तेच या माणसांना विषासारखं आहे.

कारण पुढे उलगडलं. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात त्या पायाला एच म्हणतात. जगातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाच्या लाल पेशीवर एच असतो, ‘ओ’वाल्यांच्या तर सर्वांत जास्त. या माणसांच्या पेशींवर तो पायाच नाही, आणि त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्यं आहेत. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने लंडनला रूथ सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्याकडे धाडले आणि सगळ्यांनी मिळून १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापला. जगाच्या वैद्यकात शहराचं नाव कोरलं गेलं: बॉम्बे ब्लड ग्रुप.

नाव शहराचं असलं तरी गोत कोकणाचं आहे. पुढच्या काळात सापडलेली बरीच कुटुंबं कोकणातली आणि सह्याद्रीपलीकडच्या लगतच्या जिल्ह्यांतली निघाली. मुंबईत साधारण दहा हजार माणसांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एकाचा. एच नसण्याचा दोष आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून यावा लागतो. त्यामुळे जिथे लग्नं नात्यागोत्यात आणि ठरावीक गावांतच होतात तिथे तो जास्त दिसतो.

तुम्ही प्रयोगशाळेतून बाहेर पडताना एक प्रश्न बरोबर घ्या. या माणसाचं उद्या पोटाचं ऑपरेशन करायचं झालं तर? रक्तपेढीत शेकडो बाटल्या असतील आणि त्यातली एकही त्याच्या कामाची नसेल. त्याच्या अंगात आहे तेवढंच रक्त. सर्जनला १७२१ सालच्या वैद्याएवढंच सावध राहायला हवं.

कुलाबा जिल्हा, १९७४, आषाढ

जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच आहे; रायगड व्हायला १९८१ सालचा जानेवारी उजाडायचाय. गावाचं नाव विचारू नका, असं तालुक्याचं गाव किनाऱ्यावर कुठलंही असू शकतं. पत्र्यावर पाऊस कोसळतोय. लाँच बंद आहेत. खाडीवरची तर सकाळपासून सुटलेली नाही. घाटातल्या रस्त्याचं काही खरं नाही.

खाटेवर पंचविशीतली बाई आहे. पाळी चुकून दीड महिना झाला होता, आज पहाटे पोटात कळ आली आणि ती चुलीपाशीच कोसळली. ओठ पांढरेफटक, नाडी लागत नाही इतकी बारीक. गर्भ पिशवीत न रुजता नळीत रुजला होता आणि नळी फुटलीय. पोटात दीड-दोन लिटर रक्त साठलंय. बाहेर थेंब दिसत नाही.

“डॉक्टरसाहेब, रक्त आणायला कुठं जाऊ?” नवरा दारात ओलाचिंब उभा आहे.

“कुठं नको जाऊ. इथंच बस.”

पोट उघडलं की रक्त उसळून वर येतं. डॉक्टर आत हात घालतात, डोळ्यांना काही दिसत नसताना बोटांनी नळी शोधतात आणि चिमटा लावतात. गळती थांबली. आता जवळून बघा. सिस्टरने उकळून ठेवलेली वाटी पुढे केलीय. डॉक्टर पोटातलं रक्त वाटीने काढतात आणि आठ पदरी गॉजमधून काचेच्या बाटलीत ओततात. बाटलीत सायट्रेट आधीच घातलंय. गॉजवर काळसर गुठळ्या राहतात, खाली गडद लाल धार पडत राहते. बाटली भरली की ती हुकाला टांगली जाते, रबरी नळी जोडली जाते आणि बाईचं रक्त बाईच्या हातात परत जाऊ लागतं. क्रॉसमॅच लागत नाही. गटही लागत नाही. पोटात सांडलेल्या रक्तातला गोठवणारा धागा बहुतेक तिथेच संपलेला असतो, म्हणून ते पुन्हा सहसा गोठत नाही.

ही युक्ती जर्मनीच्या योहानेस थीसने १९१४ साली नळी फुटलेल्या अशाच रोग्यांवर वापरली होती. जिथे रक्तपेढी लांब आणि सर्जन एकटा, तिथे ती जगभर टिकून राहिली. तिची पथ्यंही आहेत. आतड्याला भोक पडून घाण मिसळली असेल तर ते रक्त घ्यायचं नाही. एक दिवसाहून जुनं असेल तर घ्यायचं नाही. पण ताजं आणि स्वच्छ असेल तर एक वाटी, थोडा गॉज आणि धीट डॉक्टर एवढ्यावर जीव वाचतो.

संध्याकाळी बाई डोळे उघडते आणि पाणी मागते.

१९९६

इथे फार वेळ थांबू नका, पण डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका. दरम्यान एचआयव्ही आलाय. रक्ताची बाटली संजीवनी होती, आता तिच्याकडे संशयाने बघतात. दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९पासून सक्तीची झालीय, तरी पैसे घेऊन रक्त विकणारे अनेक शहरांत रांगा लावून उभे आहेत. ४ जानेवारी १९९६ला सर्वोच्च न्यायालय ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देतं: दोन वर्षांत रक्ताची विक्री बंद करा.

रक्त सुरक्षित झालं आणि त्याच वेळी त्याची किंमत कळली. रोग्याला ‘जरा टवटवी यावी म्हणून’ एक बाटली लावायची जी जुनी सवय होती तिच्यावर आता प्रश्न विचारले जाऊ लागले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी तर यहोवाज विटनेस या पंथाच्या रोग्यांवर, जे धर्मश्रद्धेने रक्त घेत नाहीत, बाहेरचा एक थेंबही न देता हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं केली होती आणि अशा ५४२ ऑपरेशनांचा अहवाल १९७७ सालीच छापला होता. जे श्रद्धेपोटी काही जणांसाठी करता येतं ते बाकीच्यांसाठी का नाही, हा सवाल तेव्हापासून हवेत होता. १९९९ साली कॅनडाच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातले ८३८ रोगी घेऊन दाखवून दिलं की हिमोग्लोबिन ७च्या खाली जाईपर्यंत रक्त न देता थांबलं तरी रोग्यांचं नुकसान होत नाही. तोवर बहुतेक ठिकाणी १०चा आकडा देवाच्या शब्दासारखा पाळला जात होता.

आज

आतापर्यंत तुम्ही बाजूला उभं राहून बघत होता. आता खाटेवर तुम्ही आहात.

समजा, तुम्ही मुरुडचे. खुब्याचा सांधा झिजलाय, बदलायचाय. वजन ६० किलो, म्हणजे अंगात साधारण ४,२०० मिलिलिटर रक्त. लहानपणापासून कार्डावर गट ‘ओ’ लिहिलाय. मुंबईच्या रुग्णालयात रक्त तपासणारी तंत्रज्ञ मात्र थबकते. तिने फक्त पेशी तपासल्या नाहीत, उलट बाजूने सिरमही तपासलं. ‘ओ’ पेशींवर गुठळ्या धरल्या. एचविरोधी द्राव घालून बघितला तर तुमच्या पेशी हलल्याच नाहीत.

“दादा, तुमच्या घरी कुणाला यापूर्वी रक्त लागलं होतं का?” ती विचारते. “तुमचा गट बॉम्बे आहे.”

सर्जन तारीख पाच आठवडे पुढे ढकलतात. तुम्ही वैतागता. पण खरं ऑपरेशन या पाच आठवड्यांतच होणार आहे.

पहिली गोष्ट हिमोग्लोबिनची. तुमचं आहे १०.४. लोह कमी आहे. शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं जातं, जोडीला मज्जेला पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन. तुम्ही पाठदुखीवर घेत होता त्या गोळ्यांची, रक्त पातळ करणाऱ्या गोळीची चौकशी होते. कुठली थांबवायची, कधी थांबवायची हे ते ठरवतात. पाच आठवड्यांनी आकडा १३च्या जवळ येतो. बाहेरून एक थेंब न घेता तुमच्या अंगात लाल पेशींची भर पडलीय, आणि अजून कुणी चाकू हातात घेतलेला नाही.

तुमचंच रक्त आधी काढून ठेवण्याचीही सोय आहे. रक्तपेढीच्या पिशवीत ते ३५ दिवस टिकतं. सर्वसाधारण रोग्यात आता ही पद्धत मागे पडलीय, कारण रक्त काढल्याने माणूस टेबलावर येतानाच अशक्त होतो आणि न वापरलेली पिशवी फेकावी लागते. पण बॉम्बे गटासारख्या दुर्मीळ रक्ताच्या बाबतीत तिचा विचार अजूनही होतो. तुमच्या डॉक्टरांनी एक पिशवी काढून ठेवलीय आणि ती भरून निघायला मधे दिवस सोडले आहेत.

ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ भेटतात. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करणार, कारण खुब्याच्या ऑपरेशनात त्याने रक्तदाब बेताचा राहतो आणि रक्त कमी जातं. मग ते तुमच्या शिरेतून आणखी दोन पिशव्या रक्त काढतात आणि तेवढी जागा सलाइनने भरतात. अंगातलं रक्त पातळ होतं. ऐनवेळी पाहुणे आले की घरची बाई आमटीत पाणी वाढवते, तसाच हा हिशेब. आकड्यात बघा. रक्तात लाल पेशींचा वाटा ४० टक्के असताना एक लिटर सांडलं तर ४०० मिलिलिटर पेशी गेल्या. तोच वाटा ३३ टक्क्यांवर आणून ठेवला आणि तेवढंच लिटर सांडलं तर गेल्या ३३०. सत्तर मिलिलिटर पेशी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पिशवीतल्या, अशाच वाचल्या. काढलेल्या पिशव्या तुमच्या खाटेशेजारीच आहेत. त्यातलं रक्त ताजं आहे, त्यात गोठवणारे घटक शाबूत आहेत आणि शेवटी ते परत तुम्हालाच मिळणार आहे.

अंगावर गरम हवा भरलेली चादर पसरली जाते. तुम्हाला वाटतं ही थंडीची सोय. तसं नाही. गारव्याने जखमेच्या जागी शिरा आकसतात, ते वैद्याचं निरीक्षण खरं. पण अख्खं शरीर ३६ अंशांच्या खाली गेलं की रक्त गोठण्याची यंत्रणा मंदावते आणि स्राव वाढतो. म्हणून जखम गार असली तरी चालेल, माणूस गरम हवा.

चाकूच्या आधी एक इंजेक्शन जातं: ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, एक ग्रॅम, सावकाश. धरलेली गुठळी शरीर लगेच विरघळवू लागतं, त्याला हे औषध अटकाव करतं. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते शोधलं आणि १९६२ साली त्याबद्दल लिहिलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरतात, हे उताकोंच्या मनात होतं. लेकराला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. औषध स्वस्त होतं आणि बरीच वर्षं जगाने त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. २०१० साली वीस हजारांहून जास्त अपघातग्रस्तांवरच्या चाचणीने ते जीव वाचवतं हे सिद्ध झालं, २०१७ साली वीस हजारांहून जास्त बाळंतिणींवरच्या चाचणीने रक्तस्रावाने होणारे मृत्यू ते कमी करतं हेही दिसलं. दोन्ही ठिकाणी अट एकच: तीन तासांच्या आत द्या. उताको २०१६ साली, दुसरा निकाल हाती येण्याआधी वारल्या.

आता चाकू. कातडीखाली पहिली शीर सुटते आणि सर्जन तिला कॉटरीचं टोक टेकवतात. बारीक चर्रर आवाज, जळका वास. अलिबागच्या माडांखालचा चौथा मार्ग तो हाच. फरक एवढाच, की डाग आता सुईच्या टोकाएवढा असतो आणि विजेने दिला जातो. सर्जनची घाई नाही. प्रत्येक थर उलगडायचा, शीर दिसली की आधी बंद करायची, मग पुढे. मॅथ्यूजच्या जहाजावर चांगला सर्जन वेगाने ओळखला जाई. इथे तो कोरड्या जखमेने ओळखला जातो.

तरीही हाडातून रक्त येतंच. ते पुसून टाकण्याऐवजी एक दुहेरी नळी ते ओढून घेते. एका बाजूने रक्त न गोठू देणारं हेपरिनमिश्रित सलाइन टपकत राहतं, दुसऱ्या बाजूने रक्त भांड्यात जमा होतं. खाटेच्या पायथ्याशी घरघर करणारं यंत्र आहे, सेल सेव्हर. त्यातला वाडगा मिनिटाला काही हजार फेरे घेतो. जड लाल पेशी कडेला बसतात. हाडाचा चुरा, चरबी, हेपरिन धुऊन बाजूला जातं. थोड्या वेळाने पिशवीत दाट, गडद लाल पेशी जमतात आणि त्या तुमच्याच हातातल्या नळीला जोडल्या जातात. १९७४ सालच्या वाटीचं आणि गॉजचं काम हे यंत्र करतंय, फक्त धुऊन आणि गाळून. त्यात प्लाझ्मा आणि प्लेटलेट परत येत नाहीत, हे त्याचं उणं. ते महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी आहे, हे दुसरं.

वॉर्डात आल्यावरही राखण संपत नाही. रोज सकाळी तपासणीसाठी नळ्या भरून रक्त काढण्याऐवजी लहान मुलांसाठी असतात त्या छोट्या नळ्या वापरतात आणि लागेल तेवढीच तपासणी करतात. आठवडाभर रोज मोठ्या नळ्या भरल्या तर त्यातही चांगलंच रक्त जातं. तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टर आकडा बघतात, तुम्हाला बघतात. धाप नाही, चक्कर नाही, छातीत दुखत नाही. “काही लावायचं नाही,” ते म्हणतात. “जेवा.”

आता परत या

तीनशे वर्षांची ही फेरी बघून एक निष्कर्ष निघतो. रक्त राखण्याच्या युक्त्यांमध्ये यंत्राचा वाटा सर्वांत कमी आहे. बांधलेली शीर, स्वस्त इंजेक्शन, गरम चादर, छोटी नळी, आणि आकडा बघून लगेच बाटली न मागवणारा डॉक्टर. यातली प्रत्येक गोष्ट तालुक्याच्या ठिकाणी जमण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ साली सगळ्या देशांना हेच बजावलं, की रोग्याच्या स्वतःच्या रक्ताची काळजी ही उपचाराचाच भाग धरा.

आपल्याकडे खरी अडचण टेबलावर चढण्याआधीची आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशी बाई बाळंतपणाला किंवा पिशवीच्या ऑपरेशनला जाते तेव्हा तिच्याकडे सांडायला मुळात काही शिल्लकच नसतं. रक्तपेढी खाडीपलीकडे असेल, पाऊस असेल, तर वेळ आणखी कमी.

तेव्हा घरात कुणाचं ठरवून करायचं ऑपरेशन निघालं तर तारीख पक्की करण्याआधी हिमोग्लोबिन तपासा आणि कमी असेल तर ‘आधी हे भरून काढूया का’ असं डॉक्टरांना विचारा. घेत असलेली प्रत्येक गोळी त्यांना दाखवा, आयुर्वेदिक असली तरी. कोकणातले असाल आणि कार्डावर ‘ओ’ लिहिलं असेल तर गट दोन्ही बाजूंनी, पेशींवरून आणि सिरमवरूनही, तपासलाय ना, हे एकदा विचारून घ्या. बॉम्बे गट निघाला तर भावंडांची तपासणी करा आणि नाव रक्तपेढीत नोंदवा. तुमचं रक्त कधीतरी दुसऱ्या कुणाचा एकमेव आधार असेल.

हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते आणि तिला काही मिनिटं लागतात. ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी करू नका. महिनाभर आधी करा.